दुबई कार्टड्रोमवरचे चोवीस तास: सहा चालक आणि एक वही

पहाटे चारच्या सुमारास हेल्मेटची काच बाहेरून ओली होऊ लागली. दोन वेळा हातमोज्याने पुसली, तरी पुढच्या वळणापर्यंत पुन्हा धूसर. दुबईत इतकी वर्षं राहतोय, पण हिवाळ्यात इथे पहाटे एवढं दव पडतं हे मला त्या रात्री कळलं. पूल उतरून ब्रेक लावला आणि मागची चाकं सुळकन बाजूला गेली. गाडी सावरली, पण त्यानंतरच्या चाळीस मिनिटांत मी जेवढं शिकलो तेवढं तीन महिन्यांच्या सरावात शिकलो नव्हतो.

ही चोवीस तासांची कार्ट शर्यत होती: कार्ट म्हणजे बुटकी, बिनछपराची छोटी शर्यतीची गाडी, आणि ती सहा जणांनी आळीपाळीने चालवायची. आमचा संघ हौशी. तिघे पुण्याचे, एक सांगलीचा, एक नाशिकची मुलगी, आणि डोंबिवलीचे काका, वय ५४. कुणाच्याही घरात मोटरस्पोर्टचा वारसा नाही. सातव्या आमच्या वहिनी. त्यांनी चोवीस तासांत गाडीला हात लावला नाही, पण संघ चालवला त्यांनीच. त्याबद्दल पुढे सांगतो.

ट्रॅक मोटर सिटीत, दुबई ऑटोड्रोमच्या आवारात आहे. लांबी १.२ किलोमीटर, वळणं १७, आणि एका ठिकाणी रस्ता पुलावरून जाऊन स्वतःच्याच खालून बोगद्यातून निघतो. कार्ट ३९० सीसीच्या, चार स्ट्रोकच्या होंडा इंजिनाच्या. ज्यांनी फक्त मॉलमधल्या कार्ट चालवल्यात त्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. या गाडीला सस्पेन्शन, म्हणजे धक्के शोषणारी यंत्रणा, नसतं आणि वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियलही नसतो. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली, त्यामुळे ती एकाच वेगाने फिरतात. वळणावर आतल्या चाकाला कमी अंतर कापायचं असतं, म्हणून ते क्षणभर हलकं व्हावं लागतं, नाहीतर गाडी अडखळते. स्टीअरिंग एकदाच, ठामपणे वळवलं तर हे आपोआप होतं. झटके दिले, गाडी घसरवली, तर दिसायला झोकात वाटतं, पण इंजिन दबतं आणि पुढच्या सरळ रस्त्यावर वेग परत यायला फार वेळ लागतो. ताकद मुळातच बेताची, गमावलेला वेग स्वस्तात मिळत नाही.

सराव त्याच ट्रॅकवर करा, आणि निदान दोनदा रात्री करा. दिव्यांच्या उजेडात ब्रेक लावायच्या खुणा वेगळ्या दिसतात. दिवसा मी एका काळ्या डागावर ब्रेक लावायचो, रात्री तो डाग दिसेचना. चालक बदलण्याचा सराव आम्ही इमारतीच्या पार्किंगमध्ये केला, जेवणाच्या टेबलाची खुर्ची मांडून. एकाने डावीकडून उतरायचं, दुसऱ्याने उजवीकडून बसायचं. लहान मुलं भोवती जमून मोठ्याने सेकंद मोजायची. त्या खुर्चीने आम्हाला शर्यतीत जागा मिळवून दिल्या, हे मी मनापासून सांगतो.

शर्यत दुपारी सुरू झाली. पहिले तीन-चार तास आम्ही सगळेच अंगात आल्यासारखे चालवत होतो. एकाची फेरी ७४ सेकंदांची झाली की पुढच्याला ७३ हवी. दोनदा धडक, एकदा गरकन फिरून उलटं तोंड. तेव्हा वहिनींनी वही समोर ठेवली. प्रत्येक पाळीसाठी एक ओळ: चालक, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, वजन, सर्वांत चांगली फेरी आणि सर्वांत वाईट फेरी. शेवटचा रकाना पाहून आम्ही गप्प झालो. आमच्यातला सर्वांत वेगवान चालक फेरीला अर्धा सेकंद कमावत होता. चाळीस फेऱ्यांच्या पाळीत वीस सेकंद. एका गिरकीत त्यातले पंधरा गेले होते. काकांची चांगली आणि वाईट फेरी यांत जेमतेम सेकंदाचा फरक होता. ‘वाईट फेरी सुधारा, चांगली आपोआप येईल,’ एवढंच वहिनी म्हणाल्या. त्यानंतर आम्ही पाळ्यांचा क्रम बदलला आणि रात्रीची सर्वांत लांब पाळी काकांना दिली.

काकांची ती पाळी मी पिटच्या, म्हणजे चालक बदलायला गाड्या थांबतात त्या जागेच्या, भिंतीला टेकून पूर्ण पाहिली. झोपायची वेळ माझी होती, पण हलवेना. मागून वेगवान गाडी आली, वाट द्यायची खूण असलेला निळा झेंडा दिसला की ते सरळ रस्त्यावर बाजू द्यायचे, वळणात कधीच नाही. वळणात बाजू दिली तर आपलीही लय मोडते आणि मागच्याचीही. त्यांच्या एका पाळीत आम्ही दोन जागा वर सरकलो, कारण पुढचे संघ थकून चुकत होते.

दव पडल्यावर काय करायचं ते आता सांगतो. रंगवलेल्या कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या पट्टीवर, चाक नेऊ नका, रंग ओला झाला की साबणासारखा होतो. ब्रेक नेहमीपेक्षा थोडा आधी आणि हलका, तोही स्टीअरिंग सरळ असताना. आणि ज्या रेषेवरून सगळ्या गाड्या जातात ती आधी कोरडी होते, ती सोडून ओव्हरटेक करायचा मोह सूर्य वर येईपर्यंत आवरा. पाळी संपवून उतरलो की पुढच्याला कुठली वळणं निसरडी आहेत ते तिथेच सांगायचं. तंबूत जाऊन सांगू म्हटलं तर तो तोवर ट्रॅकवर गेलेला असतो.

एक चूक आमच्याकडून झाली ती टाळा. नाशिककर मुलगी उंचीने लहान, तिच्या पाठीमागे फोमची गादी लागते. पहाटे तिच्यानंतर सांगलीकर बसला, सहा फुटी, आणि गादी तशीच राहिली. गुडघे स्टीअरिंगला लागायला लागले, दोन फेऱ्यांनी त्याला परत यावं लागलं. चालक-बदलाच्या कागदावर ‘गादी’ आणि ‘वजन’ हे दोन शब्द मोठ्या अक्षरांत लिहून गाडीशेजारी चिकटवा. किमान वजनापेक्षा कमी भरणाऱ्याला जादा वजन घेऊनच बसावं लागतं, त्याचा विसर अजून महागात पडतो. बाकी नियम दर शर्यतीला वेगळे असतात, म्हणून शर्यतीआधी नियम सांगतात त्या ब्रीफिंगला सहाही जणांनी बसावं.

सामान: बरगड्यांचं संरक्षक जाकीट हवंच, उसनं घ्या पण घ्या. सीटची कड दर वळणाला त्याच जागी लागते आणि दुसऱ्या पाळीपासून श्वास घेताना कळतं. पातळ तळव्याचे बूट, हातमोजे, हेल्मेटच्या आत घालायची दोन टोपडी, कारण पहिलं घामाने भिजतं. स्वेटर आणि ब्लँकेट विसरू नका. खायला आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळी आणि कोकम सरबत नेलं होतं. संध्याकाळी कुणीतरी बिर्याणी मागवली, ती ज्यांनी पोटभर खाल्ली त्यांच्या पुढच्या पाळीत फेऱ्या लांबल्या, वहीत तसं दिसतंय. झोपायची जागा पिटपासून लांब निवडा आणि कानात बोळे घाला. पाळीच्या वीस मिनिटं आधी उठवायचं काम एकाच माणसाकडे ठेवा.

शेवटची पाळी काकांनीच घेतली. शर्यत संपल्याचा चौकड्यांचा झेंडा पडला तेव्हा आम्ही मधल्या फळीत होतो, रात्री होतो त्याच्या चार जागा वर. काका उतरले, हेल्मेट काढलं आणि आधी वहिनींकडे वही मागितली, स्वतःची वाईट फेरी बघायला.

आणि परतताना स्टीअरिंगला हात लावू नका. डोळे उघडे दिसतात, पण मेंदू झोपलेला असतो. आम्ही दोन टॅक्सी केल्या, गाड्या दुसऱ्या दिवशी आणल्या.