श्रीस्थानकाच्या चतुःसीमा: तलावपाळी ते अंबरनाथ

माझी नोकरीची बहुतेक वर्षे ठाण्यात जमिनीचे नकाशे, फेरफार आणि चतुःसीमा यांच्या सहवासात गेली. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीरस्ता, दक्षिणेस अमुक गावाची शीव, अशा मजकुराची सवय डोळ्यांना इतकी जडली होती की निवृत्तीनंतर उत्तर कोकणच्या शिलाहार राजांचे ताम्रपट भाषांतरातून वाचायला घेतले, तेव्हा ते मला परके वाटलेच नाहीत. नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत या घराण्याने कोकणावर राज्य केले आणि पुढच्या काळात श्रीस्थानक, म्हणजे आपले ठाणे, ही त्यांची राजधानी होती. त्या राजधानीतले आज काय दिसते, हे पाहण्यासाठी श्रावणातल्या एका सकाळी मी घराबाहेर पडले. आजच्या फलाटावर ‘ठाणे स्थानक’ असे लिहिलेले असते. ‘स्थानक’ शब्दाचेच झिजून ‘ठाणे’ झाले असल्यामुळे आपण एकच शब्द दोनदा लिहितो, हे मला तिथे राहून कित्येक वर्षांनी सुचले.

तलावपाळीला म्हणजे मासुंदा तलावाकाठी पोहोचले तेव्हा सात वाजले होते. काठावर फेऱ्या मारणाऱ्यांची गर्दी होती. ठाण्यात एके काळी साठ तळी होती, असे जुने लोक सांगतात. आकडा खरा असो वा नसो, तळ्यांचा गाळ उपसताना मूर्तींचे अवशेष सापडण्याच्या कथा इथल्या प्रत्येक आळीत ऐकू येतात. तळ्याजवळचे कोपिनेश्वराचे मंदिर मूळ शिलाहारकाळातले मानले जाते. आज उभी असलेली वास्तू मात्र मराठ्यांनी ठाणे पोर्तुगिजांकडून घेतल्यानंतरची आहे. १७३७ मध्ये ठाणे घेतले गेले आणि १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी मंदिर पुन्हा बांधले. गाभाऱ्यातली पिंडी एवढी मोठी आहे की प्रथम पाहणारा क्षणभर थबकतोच. श्रावण असल्याने बेलाच्या पानांचा ओला वास सगळीकडे भरून राहिला होता. जुन्या राजधानीचा शोध इथे फारसा पुढे सरकत नाही, हे मान्य करून मी दर्शन घेतले आणि जांभळी नाक्यावर चहा पिऊन पुढे निघाले.

पुढचा मुक्काम मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीचा होता. मुक्काम म्हणजे बाहेरून पाहणे, कारण आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. हा मूळचा पोर्तुगिजांचा किल्ला. अनंत कान्हेरे यांना १९१० मध्ये इथेच फाशी दिली गेली, आणि बहुतेक ठाणेकरांच्या मनात या भिंतीची ओळख तेवढीच आहे. मी तिथे उभी राहिले ती आणखी एका कारणाने. १७८७ च्या सुरुवातीला या किल्ल्यात नव्या बांधकामासाठी खोदकाम चालू असताना मजुरांना ताम्रपट सापडले. तो शक ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७ चा, शिलाहार राजा अरिकेसरी याचा दानलेख निघाला आणि १७८८ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या पहिल्याच खंडात त्याचे इंग्रजी भाषांतर छापून आले. आपल्या देशातल्या कोरीव लेखांच्या अभ्यासाची बाराखडी गिरवली जात होती, तेव्हा त्या पाटीवर ठाण्याचे नाव होते. ही गोष्ट सांगणारा एखादा साधा फलक मला तरी त्या रस्त्यावर कुठे दिसला नाही.

ताम्रपट म्हणजे त्या काळचा सातबारा आणि खरेदीखत एकत्र, असे मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांना सांगते. तांब्याचे दोन-तीन पत्रे, अक्षरे घासू नयेत म्हणून किंचित उंचावलेल्या कडा, पत्रे ओवायला भोक, त्यातून कडी आणि कडीवर मुद्रा. शिलाहारांच्या मुद्रेवर गरुड असतो. विद्याधरांचा राजपुत्र जीमूतवाहन याने नागाच्या बदल्यात स्वतःला शिळेवर गरुडाचा आहार म्हणून देऊ केले, त्याचे आम्ही वंशज, असे हे राजे सांगत, आणि ‘शिलाहार’ नावाची फोडही तशीच करत. ते स्वतःला ‘तगरपुरपरमेश्वर’ म्हणवत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर, सातवाहनकाळातली मोठी व्यापारपेठ. समुद्रकाठी राज्य करणाऱ्यांनी घाटावरच्या एका पुराण्या शहराचे नाव असे शतकानुशतके बिरुदात जपले.

मला सर्वांत भावला तो भांडुपला सापडलेला शिलाहार राजा छित्तराज याचा शक ९४८ चा, म्हणजे १०२६ चा ताम्रपट. त्यात सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी दान दिलेले शेत षट्षष्टी विषयातल्या, म्हणजे त्या नावाच्या प्रदेशातल्या, नौर गावचे आहे. षट्षष्टी म्हणजे सहासष्ट गावांचा समूह, आपली साष्टी. आणि नौर म्हणजे आजचे नाहूर, असे अभ्यासक मानतात. त्यात सर्वाधिकारी नागणैय आणि सांधिविग्रहिक, म्हणजे तह आणि युद्ध पाहणारा मंत्री, सीहपैय यांची नावे येतात, त्यांवर कानडी वळणाची छाप स्पष्ट आहे. पुढे चतुःसीमा सुरू होते आणि पश्चिमेच्या बाजूला लिहिले आहे, ‘राजपथ’. मुंबई-ठाणे हा जुना रस्ता साधारण त्याच रेषेत जातो, हे एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरकारांच्याही लक्षात आले होते. या रस्त्यावर माझा हात आजवर शेकडो नकाशांतून फिरला असेल. तोच रस्ता हजार वर्षांपूर्वीच्या दस्तात हद्द म्हणून दाखल आहे, हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. दस्ताच्या शेवटी दंड नाही, शाप आहे: दिलेली भूमी हिरावणारा साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होईल. आमच्या कागदांत एवढी जरब कधीच नव्हती.

कागदावरची राजधानी अशी ठसठशीत असली तरी दगडातली पाहायची तर ठाण्यातून बाहेर पडावे लागते. दहाच्या सुमारास कर्जतकडे जाणाऱ्या गाडीत बसून अंबरनाथला उतरले आणि पूर्वेकडून शेअर रिक्षा घेतली. रिक्षावाल्या दादांनी वाटेत आपणहून माहिती दिली.

“मावशी, पांडवांनी एका रात्रीत बांधलंय. सकाळ झाली म्हणून वरचा कळस राहिला बघा.”

मी हसून मान डोलावली. वालधुनीच्या काठावरचे ते काळ्या पाषाणाचे भूमिज शैलीतले मंदिर समोर आले, तेव्हा त्या कथेचे कारणही कळले. शिखर खरोखरच अपुरे आहे. भिंतींवरचे कोन इतके वळत जातात की सपाट अशी जागा शोधूनही सापडत नाही, आणि त्या प्रत्येक घडीत देवदेवता, ऋषी, सुरसुंदरी, हत्तींच्या रांगा आहेत. पावसाने दगड ओला झाला होता, त्यामुळे झिजलेल्या मूर्तींच्याही कडा उठून दिसत होत्या. १८६८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कला शाळेतल्या विद्यार्थ्यांकडून या शिल्पांचे साचे आणि रेखाटने सरकारने करवून घेतली होती. भर पावसात जाण्याची शिफारस मी आनंदाने करीन; पायऱ्यांवर मात्र जपावे.

माझा रस मात्र उत्तर दरवाजाच्या आतल्या तुळईत होता. तिथे शिलालेख आहे. त्यात महामंडलेश्वर माम्वाणि म्हणजे मुम्मुणिराजाचे नाव आहे आणि त्याचा थोरला भाऊ छित्तराज याच्या ‘भवना’चा उल्लेख आहे, म्हणून काम छित्तराजाच्या काळात सुरू होऊन धाकट्या भावाने पूर्ण केले, असे मानतात. नाहूरचे शेत दान देणारा तो हाच छित्तराज. कालनिर्देश शक ९८२ चा, म्हणजे १०६० चा आहे. पहिल्या वाचनात तो ७८२ असा लावला गेला होता, आणि त्या एका आकड्याने मंदिर दोनशे वर्षांनी म्हातारे झाले होते. सात आणि नऊ यांच्या गफलतीवरून चाललेले वाद मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहेत. मान वर करून, चष्मा पुसून, मी तो नऊ शोधला. ओळी धूसर दिसल्या, आकडा काही ओळखता आला नाही.

सभामंडपातून सुमारे वीस पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेले. माझ्यामागे दोन शाळकरी मुली आजीचा हात धरून उतरत होत्या आणि पायऱ्या मोठ्याने मोजत होत्या. एकीचा हिशेब एकोणीस आला, दुसरीचा वीस, आणि दोघी पुन्हा मोजायला वर गेल्या. अपुऱ्या शिखराच्या पोकळीतून उतरलेला करडा उजेड पिंडीवरच्या पाण्यात हलत होता.