सुरतेतल्या ऑक्झेंडन भावांची कबर

सुरतेतला दीड दिवस बाजारात आणि तापीकाठी कधी सरला कळलं नाही. लिहावंसं वाटतंय ते कतारगाम दरवाज्याकडच्या इंग्रजांच्या जुन्या कबरस्तानाबद्दल, आणि तिथेही एकाच वास्तूबद्दल.

लांबून ती मुघल सरदाराचा मकबरा वाटते. आत आहेत दोन इंग्रज भाऊ. ख्रिस्तोफर ऑक्झेंडन १६५९ मध्ये गेला. दुसरा सर जॉर्ज. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख तोच होता. तो १६६९ मध्ये वारला, आणि भावाच्या थडग्यावरच ही मोठी दुमजली वास्तू चढवली गेली. रायगडावर राज्याभिषेकाला हजर असलेला हेन्री ऑक्झेंडन याच घराण्यातला.

उंची सुमारे ४० फूट, व्यास २५. जाडजूड खांबांवर एकावर एक असे दोन घुमट, भोवती सज्जे आणि वर जायला जिना. खालून घुमटाकडे बघत सावकाश एक फेरी मारावी. दारातून फोटो काढून परतणाऱ्यांना हे दुमजलीपण कळतच नाही. या शैलीला सर्रास ‘इंडो-सारासेनिक’ म्हणतात, ते मला खटकतं. ब्रिटिशांच्या इमारतींना मुघल-हिंदू घाट देणारी ती शैली एकोणिसाव्या शतकातली. इथे वखारवाल्यांनी आसपासच्या मकबऱ्यांचा थाट सरळ उचलला आहे, कारण सुरतेत वजन दिसायचं ते तसंच.

ख्रिस्तोफरचा लॅटिन लेख तर व्यापाऱ्यालाच सुचावा असा: त्याला आपल्या खातेवहीत दिवसच मांडता आले, वर्षं नाहीत, मृत्यूने अचानक हिशेब मागितला. मग धन्यांचा तोटा किती, नफा किती, याचा ताळेबंद. धन्यांनी नोकर गमावला, आम्ही सोबती, त्याने जीव. पण त्याच्या जमेला मरण हाच लाभ.

अशा चुनागच्चीच्या बांधकामाचा खरा वैरी पिंपळ. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी सांध्यात पडतं, मूळ गिलावा सोडवतं आणि पावसाचं पाणी विटांत उतरतं. रोप वरवर छाटलं तर पुन्हा फुटतं. मूळ जाड झाल्यावर ओढलं तर विटाच निखळतात. कोवळं असतानाच ते मुळासकट काढायला हवं. आणि डागडुजीला चुनाच हवा. सिमेंट ओल आत कोंडतं आणि सुटताना विटेचा पापुद्रा घेऊन सुटतं.

जवळच डचांचं कबरस्तान आहे. तिथली १६९१ मध्ये वारलेल्या फान रेडे या डच कंपनीच्या बड्या अधिकाऱ्याची कबर याहून भव्य, कारण डचांना इंग्रजांवर मात करायची होती. दोन्ही एकाच सकाळी बघावीत, आधी इंग्रजांचं.