फेज प्लग: कुठे हवा, कुठे नको

स्पीकरच्या कोनच्या (हलणाऱ्या शंकूच्या) मधोमध चकचकीत बुलेट दिसली की स्पीकर भारी, हा समज आपल्याकडे पक्का आहे. ती बुलेट म्हणजे फेज प्लग. पण ज्याच्यावाचून खरोखर अडतं तो फेज प्लग बाहेरून दिसतच नाही. तो हॉर्नच्या (भोंग्याच्या) मागे, त्यात आवाज ढकलणाऱ्या कॉम्प्रेशन ड्रायव्हरच्या पोटात असतो.

तिथे 75 मिमी डायफ्रामचा (आवाज करणाऱ्या पातळ घुमटाकार पडद्याचा) आवाज 36 मिमीच्या तोंडातून बाहेर काढायचा असतो. 30 अंश तापमानात आवाज सेकंदाला साधारण 349 मीटर जातो, म्हणजे 10 किलोहर्ट्झची तरंगलांबी जेमतेम 35 मिमी. कडेचा आवाज मधल्या आवाजापेक्षा 17-18 मिमी जास्त चालून तोंडाशी आला, की दोघे उलट्या फेजमध्ये (एकाचा चढ तिथे दुसऱ्याचा उतार) भेटून एकमेकांना खातात. प्लगमधल्या गोल किंवा आऱ्यांसारख्या फटी या सगळ्या वाटा सारख्या लांबीच्या करतात. बेल लॅब्जच्या वेंट आणि थुरास यांनी 1926 मध्ये बोलपटांसाठीच्या ड्रायव्हरमध्ये प्लग बसवला होता. फटी नेमक्या कुठे पाडाव्यात याचं गणित स्मिथ यांनी 1953 मध्ये मांडलं.

खरी मेख आहे ती डायफ्राम आणि प्लग यांच्यातल्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या पोकळीत. पोकळी वाढली की तिच्यातली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि हाय (वरच्या पट्टीतला आवाज) गळायला लागतो. ढोबळमानाने, अंतर दुप्पट झालं तर ही गळती निम्म्या फ्रिक्वेन्सीपासूनच सुरू होते. जत्रेच्या सीझनमध्ये डायफ्राम उडाला, बाजारातला स्वस्त डायफ्राम बसवला, आणि नाटकात ‘स’, ‘श’ बोथट ऐकू यायला लागले, तर इक्वलायझरला हात लावण्याआधी घुमटाची उंची जुन्या डायफ्रामशी ताडून पाहा. ती वेगळी असेल तर पोकळीही वेगळी झाली. उलट पोकळी कमी पडली तर डायफ्राम प्लगवर आपटतो आणि मोठ्या आवाजात चरचर येते. खाली असलेली पातळ स्पेसर रिंग खोलताना हरवली, तरी हाच प्रकार. क्रॉसओव्हर (आवाज ज्या फ्रिक्वेन्सीला दोन ड्रायव्हरमध्ये वाटला जातो ती) हॉर्नच्या कटऑफखाली, म्हणजे हॉर्न काम करणं सोडतो त्या फ्रिक्वेन्सीखाली, ओढला तरीही तेच होतं, कारण तिथे हवेचा भार सुटतो आणि डायफ्राम मोकाट हलतो.

आता कोनवरची बुलेट. ही पोल पीसवर, म्हणजे चुंबकाच्या मधल्या लोखंडी खांबावर, घट्ट बसलेली असते, हलत नाही. ती डस्ट कॅपच्या (कोनच्या मधल्या झाकणाच्या) जागी येते, त्यामुळे कॅपचा स्वतःचा रेझोनन्स (ठरावीक फ्रिक्वेन्सीला घुमणं) जातो, कोनच्या समोरासमोरच्या बाजूंच्या आवाजांची मधल्या खड्ड्यातली ओढाताण कमी होते, आणि धातूची असेल तर पोलची थोडी उष्णता बाहेर येते. पण किती फरक? उदाहरणार्थ, 6.5 इंची मिडवूफरचं हलतं वजन 14 ग्रॅम आणि कॅप 1 ग्रॅमची धरा. कॅप काढल्यावर सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरला मिळणारा आवाज) 0.64 डीबीने वाढते. पण कोनच्या 132 चौ. सेंमी क्षेत्रफळातले सुमारे 5 चौ. सेंमी गेल्यामुळे 0.34 डीबी परत जाते. हातात उरतं 0.3 डीबी. ड्रायव्हरचा रेझोनन्स मात्र 45 हर्ट्झवरून जवळपास 47 वर सरकतो. प्लगचा खरा परिणाम 3-4 किलोहर्ट्झच्या वर दिसतो. तुमचा क्रॉसओव्हर 2 किलोहर्ट्झला असेल तर फायदा कानापेक्षा डोळ्यालाच जास्त.

तोटा ठरलेला. कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) आणि प्लगमधली फट उघडी राहते. पेटीतली हवा तिथून फुसफुसते, आणि बाहेरचं सगळं आत जातं. गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर वाळूतल्या काळ्या रेघांवरून पिशवीत गुंडाळलेलं चुंबक फिरवून बघा, किती कण चिकटतात ते. डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यातली लाल धूळ, खाऱ्या हवेने पोलवर आलेला गंज, सगळ्याचा शेवट गॅपमध्ये, म्हणजे कॉइल जिथे हलते त्या चुंबकाच्या फटीत. म्हणून समुद्रकाठच्या शॅकसाठी किंवा उघड्या मांडवासाठी मी तरी डस्ट कॅपच घेईन.

तरीही घरच्या पेटीत बदल करायचाच असेल, तर कॅप कडेला 2 मिमी सोडून नव्या ब्लेडने कापा. ॲसिटोन कोनच्या लेपावर चढू शकतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. कापलं की लगेच गॅपवर मास्किंग टेप. व्हर्नियरने पोलचा व्यास मोजा. प्लग त्याहून 0.2 मिमी बारीक हवा. जुन्या एक्स-रे फिल्मच्या तीन पट्ट्या फॉर्मर (कॉइल गुंडाळलेली नळी) आणि प्लगमध्ये समान अंतरावर सरकवा, म्हणजे प्लग मधोमध राहतो. हळू सुकणारं इपॉक्सी फक्त मध्यावर, वाटाण्याएवढं; जास्त झालं की ओघळून कॉइल पोलला चिकटते आणि ड्रायव्हर रीकोनला (नवा कोन-कॉइल बसवायला) जातो. 24 तासांनी पट्ट्या काढा आणि 20-30 हर्ट्झचा टोन अगदी हळू आवाजात सोडा. घासल्याचा ‘खर्र’ आला तर प्लग वाकडा बसला आहे.

पावसात न वापरलेले ड्रायव्हर ठेवताना तोंडावर झाकण, डब्यात सिलिका जेल. अ‍ॅल्युमिनियमच्या डायफ्रामवर किंवा प्लगवर पांढरी भुकटी दिसली तर फुंकू नका, ती फटींत जाते. मास्किंग टेपच्या चिकट बाजूने टिपून घ्या.