भवानी पेठ ते सासवड : कुसळ, मुसळ आणि एक छोटी वही

माउलींची पालखी पहाटे भवानी पेठेतून निघते आणि दिवे घाट चढून संध्याकाळी सासवडला पोहोचते. अंतर सुमारे ३० किलोमीटर. आम्ही पुण्यातले काही ख्रिस्ती एवढा एकच टप्पा चालतो. नंबराच्या, म्हणजे पालखीसोबत नोंदलेल्या दिंडीत शिरत नाही, तिथली शिस्त त्या दिंडीची असते, कडेकडेने चालतो. कुणी ‘माउली’ म्हणत पायाला हात लावला की आम्हीही वाकतो.

दिवसभराचं काम एकच: स्वतःचा एक दोष धरायचा आणि त्याच्यावर नजर ठेवायची. पद्धत सोळाव्या शतकातल्या संत इग्नेशियस लोयोला यांची. उठल्यावर दोष ठरवायचा, दुपारच्या जेवणानंतर पहिला हिशेब, रात्रीच्या जेवणानंतर दुसरा. वहीत दिवसाच्या दोन रेघा. दोष जितक्या वेळा घडला तितके ठिपके, सकाळचे पहिल्या रेघेवर, दुपारनंतरचे दुसरीवर. चूक घडल्याक्षणी छातीवर हात ठेवून मनात पश्चात्ताप करायचा. एवढ्या गर्दीत ते कुणाला कळतही नाही.

बिघडतं ते बहुधा दोष निवडतानाच. ‘अहंकार’ मोजता येत नाही. ‘समोरच्याचं वाक्य मध्येच तोडणं’ मोजता येतं. ‘चालताना मागे पडलेल्यावर चिडणं’ हेही येतं, आणि या टप्प्यावर त्याला भरपूर संधी मिळते.

हडपसरला वाटा फुटतात, तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे जाते. ख्रिस्ती झालेले मराठी कवी ना. वा. टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत. मला त्यात नवल वाटत नाही. स्वतःचे दोष देवापुढे इतके उघडे करून ठेवणारा दुसरा मराठी कवी मला माहीत नाही.

वडकी नाल्याच्या विसाव्याला पहिला हिशेब. नुसतं ‘सकाळ कशी गेली?’ विचारलं तर मन ‘बरी गेली’ म्हणतं. म्हणून ठिकाण धरून आठवायचं: पेठेतून निघताना, हडपसरच्या गर्दीत, पाण्याच्या टँकरपाशी. आणि वही दुसऱ्याला दाखवायची नाही, दुसऱ्याची मागायची नाही.

पुढे घाट. रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, वारा सुटतो, धूळ उडते. कुणाच्या डोळ्यात कण गेला तर आधी चोळणं थांबवायचं. त्याला बसवायचं, आपले हात साबणाने धुवायचे, त्याचं तोंड उजेडाकडे करायचं, खालची पापणी हलकेच ओढून वर बघायला सांगायचं आणि स्वच्छ पाण्याची धार सोडायची. कण बुबुळात रुतला असेल तर हात न लावता डॉक्टरांकडे न्यायचं.

बायबलमध्ये मत्तय ७:३-५ मध्ये प्रभू येशू याच कामाबद्दल बोलतो. मूळ ग्रीकमध्ये भावाच्या डोळ्यात वाळली काडी आणि आपल्याच डोळ्यात घराची तुळई आहे. मराठीत त्याचं कुसळ-मुसळ झालं. हे वचन पुष्कळदा ‘मला काही बोलू नका’ म्हणायला वापरतात, ते मला मुळीच पटत नाही. शेवटच्या ओळीत कुसळ काढायचंच आहे. आधी मुसळ, म्हणजे नीट दिसेल, असा क्रम आहे.

मुसळ निघालं का, हे आपल्या कबुलीवरून कळतं. ‘माझं चुकलं, पण तू...’ या ‘पण’पाशी कबुली संपते आणि आरोप सुरू होतो. दुसरी खोड आम्हा प्रार्थना करणाऱ्यांची: चारचौघांत डोळे मिटून ‘प्रभू, या भावाला सुबुद्धी दे’ म्हणायचं. ते रागावणंच झालं, आणि त्याला उत्तर देण्याची सोयही राहत नाही. मत्तय १८:१५ म्हणतं, आधी त्याच्याशी एकांतात बोल. गलती ६:१ सौम्यतेने सावरायला सांगतं. तिथलं ग्रीक क्रियापद मार्क १:१९ मध्ये जाळी नीट करणाऱ्या कोळ्यांसाठी आलं आहे. जाळं हिसडलं तर भोक मोठं होतं.

म्हणून चढावर कुणाला काही सुनवायचं नाही. तहान, भूक, पायाचे फोड असताना तर नाहीच.

सासवडला पाय कोमट पाण्यात सोडून दुसरी रेघ भरायची. दुपारपेक्षा ठिपके जास्त निघाले तरी घाबरू नये. थकवा असतो, आणि नजरही तोवर बसलेली असते. कुणाशी बोलायचं उरलंच असेल तर ते दुसऱ्या दिवशी, दोघंच असताना, आपल्या वहीतल्या ठिपक्यांपासून सुरू करायचं.