मुस शिकले, पण ओर्दागोने दम काढला

मुस या पत्त्यांच्या खेळाचे नियम बिल्बाओत, म्हणजे स्पेनच्या बास्क भागातल्या या शहरात, कोणीही सांगतं. बारमधले निवृत्त आजोबा, ऑफिसातली सहकारी, काउंटरमागचा पोरगासुद्धा. पण ‘ओर्दागो’ या त्यातल्या सगळ्यात मोठ्या बोलीला हो कधी म्हणायचं, हे विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर: "खेळत राहा, कळेल." या उत्तराचा मला अजून राग येतो, म्हणून हे लिहितेय.

नियम पटकन सांगते. कॅट ४० पत्त्यांचा, त्यात अठ्ठी-नव्वी नाही आणि राणीच्या जागी घोडेस्वार. चौघं खेळतात, भिडू समोरासमोर, प्रत्येकाला चार पत्ते. पत्ते बदलून हवे असतील तर ‘मुस’ म्हणायचं, पण चौघंही म्हणाले तरच बदलतात. मग चार फेऱ्यांत बोली लागते: मोठे पत्ते, छोटे पत्ते, जोड्या आणि शेवटी ३१ किंवा त्याहून जास्त बेरीज. तिर्री राजा धरतात आणि दुर्री एक्का, म्हणजे कॅटात राजे आठ. गुण खड्यांनी मोजतात. एक भिडू सुटे खडे सांभाळतो, पाच झाले की दुसरा ‘अमार्रेको’चा एक खडा उचलतो. ४० झाले की डाव जिंकला. इतकं मला लगेच जमलं.

अडलं ते ओर्दागोपाशी. साधी बोली दोन खड्यांची. ओर्दागो म्हणजे अख्खा डाव पणाला. बास्कमध्ये ‘ओर दागो’ म्हणजे ‘ते बघ, तिथे आहे’. समोरच्याने ‘किएरो’ (स्वीकारलं) म्हटलं की पत्ते उलटायचे आणि डाव तिथल्या तिथे संपला. कोणाचे किती खडे झाले होते, याला मग काही अर्थ नाही.

आमच्या टेबलावरचे एक आजोबा ऊठसूट ओर्दागो टाकायचे, तेही सुस्कारा सोडल्यासारखा, खिडकीबाहेर बघत. मी दर वेळी नाही म्हणायचे. नाही म्हटलं की एक खडा त्यांचा. आधी दोनची बोली लागली असेल आणि वर ओर्दागो आला, तर दोन. एकेक खडा जातो, लक्षातही येत नाही, आणि डाव संपताना कळतं की हातात चांगले पत्ते असून आपण भिऊन हरलो. तीन पत्तीत निदान ब्लाइंड खेळणारा ओळखू येतो, इथे सगळे पत्ते बघूनच थापा मारतात.

शेवटी उत्तर मिळालं ते हिशेबातून. एका डावात आम्ही पुढे होतो, ते बरेच मागे. पत्ते आजोबांनी वाटलेले, म्हणजे त्यांच्या उजवीकडे बसलेली मी ‘मानो’, सगळ्यात आधी बोलणारी. बरोबरी झाली तर मानो जिंकतो. माझ्या हातात दोन राजे, एक तिर्री आणि घोडेस्वार. मोठ्या पत्त्यांच्या फेरीत मी मुद्दाम ‘पासो’, म्हणजे पास, म्हटलं. पुढचे दोघंही पासो. आजोबा सगळ्यात शेवटी बोलणारे, त्यांनी टाकलाच ओर्दागो. मी समोर पाहिलं तर भिडूने खालचा ओठ चावलेला. म्हणजे तिच्याकडे दोन राजे. या खुणा चोरून करतात, पण पूर्णपणे नियमातल्या आहेत. खोटी खूण मात्र चालत नाही. माझे तीन, तिचे दोन, उरले तीन. आजोबांकडे जास्तीत जास्त तीन राजे आणि घोडेस्वार, म्हणजे बरोबरी, म्हणजे मीच. "किएरो!" मी जरा जास्तच जोरात म्हणाले. त्यांच्याकडे एकच राजा निघाला. पुढचा खेळ संपेपर्यंत त्यांनी माझ्यावर ओर्दागो टाकला नाही, आणि मी ते पुरेपूर उपभोगलं.

तेव्हा ‘कळेल’ वगैरे काही नाही, राजे मोजा. आणि खड्यांकडे बघा. खूप पुढे असाल तर एक खडा देऊन नाही म्हणणं स्वस्त आहे. खूप मागे असाल तर ओर्दागो तुम्हीच टाका, कारण गमावायला फारसं काही नसतं.

हा शब्द टेबलाबाहेरही पाठ सोडत नाही. स्पॅनिश बातम्यांत कुठल्या पक्षाने पाठिंबा काढायची धमकी दिली, की मथळ्यात ‘ओर्दागो’ आलाच. ऑफिसात कोणी "पगार वाढवा, नाहीतर मी चालले" म्हटलं, तर तोही ओर्दागो. आणि ‘दे ओर्दागो’ जोडलं की गोष्ट जबरदस्त होते, मग ती थंडी असो, भांडण असो किंवा जेवण. मला या बाहेरच्या वापराची गंमत वाटते. मुसमध्ये धमकी कोणी स्वीकारली नाही तरी टाकणाऱ्याला एक खडा मिळतो. राजकारणात ‘नाही’ आलं की टाकणाऱ्याचीच पंचाईत.

आणखी एक, हे आधीच सांगायला हवं होतं. नव्या टेबलावर बसताना राजे आठ धरायचे की चारच, ते विचारून घ्या. काही जण तिर्रीला राजा मानत नाहीत, आणि तिथे वरचा सगळा हिशेब बदलतो. डाव ४० चा की ३० चा, तेही विचारा.