जी.आय.पी.च्या गोऱ्या फिटरचा माग: भारताचं टोक संपलं, इंग्लंडचं सुरू

१६ एप्रिल १८५३ला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची (जी.आय.पी.) बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली. त्यानंतर क्रू, स्विंडन, वुल्व्हर्टन अशा इंग्लंडातल्या रेल्वेगावांतून फिटर, बॉयलरमेकर, ड्रायव्हर करारावर इकडे येत राहिले. अशा माणसाची वंशावळ लावताना सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नाव मिळताच इंग्लंडच्या जन्मनोंदींत उडी घेणं. विल्यम जोन्स तिथे ढिगाने सापडतात. म्हणून उलटं चालायचं: इकडच्या शेवटच्या नोंदीपासून मागे.

इकडचं मुख्य साधन म्हणजे ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समधली एन/३ मालिका. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं त्यात आहेत (एन/१ बंगालची, एन/२ मद्रासची). पानांची छायाचित्रं फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळावर पैसे भरून बघता येतात, फिबिस (फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी) या संस्थेची सूची फुकट आहे. सूचीवर थांबू नका. बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण बऱ्याचदा पानावरच सापडतं. शिवाय ही पानं म्हणजे लंडनला धाडलेल्या नकला, त्यामुळे आडनावाचं एखादं अक्षर नकलनवीसाच्या हातून बदललेलं असू शकतं.

गावांच्या नावांनी तर भल्याभल्यांना दमवलंय. भुसावळ ‘भोसावल’, इगतपुरी ‘इगुटपूरा’, लोणावळा ‘लॅनोली’, ठाणे ‘टॅना’. शोधचौकटीत आजचं स्पेलिंग टाकलं की हाती काही लागत नाही. ठिकाण मोकळं सोडून आडनाव आणि पाच वर्षांची कक्षा द्यावी, ते बरं. दुसरी अडचण पाद्र्याची. लहान स्टेशनावर तो कायम नसे, त्यामुळे पोराचा बाप्तिस्मा जन्मानंतर काही महिन्यांनी, कधी दुसऱ्याच गावी झालेला असतो. जन्मतारीख वेगळी लिहिलेली असते, तीच धरा.

तिन्ही नोंदींत लग्नाची सगळ्यात कामाची, कारण तिच्यात वधूवरांच्या बापांची नावं मिळतात (जुन्या नोंदींत ती नसतातही). ‘विधवा’ हा शब्द दिसला तर थबका: लिहिलेलं आडनाव आधीच्या नवऱ्याचं असतं, माहेरचं नव्हे. तिचं पहिलं लग्न शोधल्याशिवाय पुढे सरकू नये. एन/३त मुख्यतः अँग्लिकन चर्चच्या नोंदी आहेत, तेव्हा घर मेथॉडिस्ट किंवा कॅथलिक असेल तर तिथे काही न मिळणं हा पुरावा मानू नका.

आता इंग्लंड. १८४१ची जनगणना फार उपयोगाची नाही: पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली उतरवलेलं, जन्मगावाऐवजी फक्त ‘याच परगण्यातला का’ एवढंच. १८५१पासून जन्माचा पॅरिश (चर्चचा स्थानिक विभाग) मिळतो. आणि १८६१, १८७१त माणूस न सापडणं हीसुद्धा माहितीच. उलट १८८१त एखाद्या घरात थोरलं पोर इंग्लंडचं, मधली दोन ‘ईस्ट इंडीज’ची आणि धाकटं परत इंग्लंडचं असेल तर करार संपवून परतलेलं कुटुंब समोर आहे, मधल्या दोघांची वयं वजा केली की एन/३त कुठली वर्षं चाळायची ते कळतं.

धंद्याच्या शब्दावरही डोळा हवा. जनगणनेतला ‘इंजिनिअर’ बहुतेक वेळा कारखान्यातला मेकॅनिक असतो, पदवीवाला नव्हे. ‘इंजिन ड्रायव्हर’ गिरणीतलं किंवा खाणीवरचं स्थिर इंजिन चालवणाराही असू शकतो. इकडे आल्यावर फिटरचा फोरमन व्हायला वेळ लागत नसे, तेव्हा पदनाम जुळलं नाही म्हणून लगेच माणूस बाद करू नका.

इंग्लंडातल्या सरकारी जन्मनोंदी १ जुलै १८३७पासून. सूची तिमाहीवार असते आणि नोंदीला ४२ दिवसांची मुभा होती, म्हणून डिसेंबरातला जन्म मार्चच्या तिमाहीतही सापडू शकतो. जनरल रजिस्टर ऑफिसच्या (या नोंदी ठेवणारं सरकारी कार्यालय) स्वतःच्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव १८३७पासून आहे. इतर जुन्या सूचींत ते १९११च्या सप्टेंबर तिमाहीपासून येतं. एकाच नावाचे दोन उमेदवार वेगळे करायला हा एक रकाना पुरतो. १८७५च्या आधी नोंदणीची सक्ती ढिली होती. तिथे पॅरिशचे बाप्तिस्मे बघायला लागतात.

कुठल्या जहाजाने आला हा प्रश्न सगळे विचारतात. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमधल्या बाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या याद्या, बीटी २७, १८९०पासूनच्या आहेत. त्याआधीच्या माणसासाठी मुंबईच्या वर्तमानपत्रांत छापलेली आगमनांची यादी बघायची. त्यातही डेकवरच्या कारागिराचं नाव क्वचितच येतं.

उरलेलं काम: इंग्लिश रेल्वे कंपन्यांची नोकरनोंद (क्यूमधली रेल मालिका, त्यातली बरीच अँसेस्ट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावर आहे) आणि भारतातल्या रेल्वे कंपन्यांचे कागद, इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समधली एल/एजी/४६ मालिका. बाप, माहेरचं आडनाव, धंदा या तिन्हींपैकी दोन जुळेपर्यंत वंशावळीत रेघ पेन्सिलीनेच.