सीट अंमळ वर

शर्यत ऐन रंगात आलेली, आणि बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स एका हाताने मागे चाचपडत सीटचा बोल्ट सैल करतोय. धावत्या सायकलवर. जर्सीच्या मागच्या खिशात लोक केळं ठेवतात, हा ॲलन की (बोल्ट फिरवायची षटकोनी चावी) ठेवायचा. बोल्ट अर्धा फेरा ढिला, बूड जरा उचलायचं, सीट दोन-तीन मिलिमीटर वर नाहीतर खाली, की पुन्हा आवळली. थोड्या वेळाने परत तेच.

खोड म्हणावी, तर तिच्यामागे ९ सप्टेंबर १९६९ आहे. फ्रान्समधल्या ब्लुआच्या ट्रॅकवर डेर्नीमागची शर्यत चालली होती. डेर्नी म्हणजे वारा अडवत पुढे धावणारी मोटरवाली सायकल. पुढची जोडी पडली, मागचे तिच्यावर आदळले. मर्क्सचा डेर्नीवाला फेर्नां वाम्ब्स्त जागीच गेला. मर्क्सच्या मणक्याला तडा गेला आणि कंबर फिरली ती फिरलीच. तूर द फ्रान्स ही फ्रान्सची मोठी सायकल शर्यत पहिल्यांदा जिंकून दोन महिनेही झाले नव्हते. पुढच्या चार (१९७०, ७१, ७२, ७४) या वाकड्या कंबरेवरच्या.

कंबर एका अंगाला कलली की एका पायाला बरोबर असलेली सीट दुसऱ्याला उंच होते. मग कायमचा आकडा सापडतच नाही. सापडला तर त्या दिवसापुरता.

आपल्याकडे मात्र सीटचा एकच नियम: दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. या नियमाने किती गुडघे खाल्ले असतील! टाच पॅडलवर ठेवून पॅडल तळाला नेलं की गुडघा सरळ व्हावा. मग चवडा ठेवला की हवा तेवढा बाक आपसूक येतो. सीट खाली राहिली तर वाटीच्या पुढे दुखतं. उंच झाली तर बूड डावी-उजवीकडे डुलतं आणि दुखणं गुडघ्याच्या मागे जातं. बदल एका वेळी तीन मिलिमीटर, मग चार दिवस हात लावायचा नाही. सीटखालची लोखंडी दांडी गंजून आत बसू नये म्हणून ग्रीसचा पुसट हात द्यावा. जास्त झालं तर तीच दांडी गुपचूप खाली सरकते आणि दोष पायांना जातो. म्हणून दांडीवर चिकटपट्टीची खूण हवीच. बुटाचा तळ जाड झाला, की हे सगळं पहिल्यापासून.

मर्क्सला चार दिवस कुठले थांबायला!

२५ ऑक्टोबर १९७२ला, मेक्सिको सिटीत, त्याने तासाचा, म्हणजे एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा, विक्रम केला. एर्नेस्तो कोल्नागोने बांधलेली ५.७५ किलोची सायकल, साखळीलासुद्धा भोकं पाडलेली. पुढे ५२ दाते, मागे १४. पॅडलच्या एका फेऱ्याला ७.९३ मीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १०४ फेरे. ब्रेक नाही, फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाक फिरू देणारी सोय) नाही. पाय थांबवून, बूड उचलून सीटशी खेळायची सोयच नाही. अख्खा तास एकाच उंचीवर काढला: ४९.४३१ किलोमीटर.

१९७८मध्ये निवृत्त झाला आणि १९८०मध्ये सायकलींचा कारखाना काढला. एवढ्या मिलिमीटरच्या माणसाने दुसरं काय करावं?